अनेक यंत्रांची एक रोजकीर्द

एखाद्या मध्यम आकाराच्या बँकेत, विद्यापीठात किंवा विमा कंपनीत आज तीस-चाळीस युनिक्स सर्व्हर सहज आढळतात, आणि त्यांतला प्रत्येक आपापल्या डिस्कवर आपापली रोजकीर्द अहोरात्र लिहीत असतो: कोण आत आले, कोणाला दारातून परत पाठवले, कोणती सेवा कोसळली, कोणत्या डिस्कने कुरकुर केली, कोणते टपाल पुढे गेले आणि कोणते अडून राहिले. ही रोजकीर्द जिथल्या तिथे असू द्यावी, की सर्व सर्व्हरांच्या नोंदी एका मध्यवर्ती दफ्तरात आणून तिथे त्यांवर देखरेख ठेवावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा वाटतो. चाळीस ठिकाणी लॉगिन करून चाळीस फायली चाळण्यापेक्षा एका जागी बसून एकच फाईल चाळणे कोणालाही बरे वाटेल, आणि बहुतेक संस्थांत ही व्यवस्था प्रथम याच हेतूने उभी राहते. परंतु गेल्या चार दशकांत या विषयात जे प्रयोग झाले, जे नियम लिहिले गेले आणि जी साधने बाजारात आली व गेली, त्यांचा साकल्याने विचार केला असता सोय हा या व्यवस्थेचा सर्वांत गौण लाभ ठरतो. नोंद ज्याच्याविषयी आहे त्याच्या हाताबाहेर ती असावी आणि ती कोणीतरी खरोखर वाचावी, या दोन अटींवर सगळी इमारत उभी आहे. पहिली अट यंत्रांनी बऱ्याच अंशी पुरी केली आहे; दुसरीच्या बाबतीत मात्र अजूनही खर्च फार आणि पदरात थोडे, अशी अवस्था आहे.

पहिल्या अटीचे मर्म ध्यानी येण्यास कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८६ साली घडलेले प्रकरण पुरेसे आहे. क्लिफर्ड स्टोल हे खगोलशास्त्रज्ञ तिथल्या संगणक विभागात नुकतेच रुजू झाले होते, आणि त्यांच्याकडे पहिले काम आले ते ७५ सेंटांच्या तफावतीचे. सर्व्हर कोणी किती वापरला याचा हिशेब ठेवून तिथे खातेदारांकडून आकार वसूल केला जाई, आणि त्या महिन्याच्या हिशेबाचा मेळ पाऊण डॉलरने बसत नव्हता. दुसरा कोणी असता तर रक्कम किरकोळ खर्चात घालून मोकळा झाला असता. स्टोल यांनी रुजुवात केली तेव्हा हंटर नावाचा एक खातेदार सापडला, ज्याला बिल पाठवावे असा पत्ताच कोणाच्या दफ्तरी नव्हता. पुढे उघडकीस आले ते असे, की बाहेरचा एक इसम जीएनयू ईमॅक्स या संपादकाबरोबर येणाऱ्या एका उपप्रोग्रामातील दोषाचा फायदा घेऊन सुपरयूझरचे, म्हणजे सर्वाधिकाऱ्याचे, अधिकार बळकावून बसला होता. युनिक्समध्ये सर्वाधिकाऱ्याला कोणतीही फाईल बदलता येते; म्हणजे त्या सर्व्हरवरची प्रत्येक नोंद यापुढे त्याच्या मर्जीने राहणार किंवा जाणार. स्टोल यांनी काय केले, तर शनिवार-रविवारच्या सुट्टीत सहकाऱ्यांच्या टेबलांवरचे प्रिंटर आणि टर्मिनल गोळा करून ते बाहेरून येणाऱ्या टेलिफोनच्या तारांवर जोडले. घुसखोर जे टंकित करी आणि त्याला जे उत्तर येई ते सगळे कागदावर उमटू लागले. हा कागद त्या संगणकाच्या ताब्यात नव्हता, म्हणून संगणकाच्या धन्यालाही तो दिसत नव्हता आणि पुसता येत नव्हता. कित्येक महिने चाललेला तो माग अखेर पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरापर्यंत आणि सोव्हिएत हेरखात्याला माहिती विकणाऱ्या एका टोळीपर्यंत पोचला. स्टोल यांनी या प्रकरणावर पुढे शोधनिबंध लिहिला आणि १९८९ साली पुस्तकही. लॉग मध्यवर्ती ठेवण्याच्या बाजूने आजवर जे काही लिहिले गेले त्याचा गाभा त्या प्रिंटरांत आहे.

त्याच बर्कली गावात, तिथल्या विद्यापीठात, एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी सेंडमेल या टपालव्यवस्थेच्या सोबतीने 'सिसलॉग' नावाची एक छोटी योजना लिहिली. कोणत्याही प्रोग्रामने आपला संदेश एका ठरावीक दारावर द्यावा, आणि तो फाईलीत लिहायचा, कन्सोलवर दाखवायचा की नेटवर्कवरून दुसऱ्या सर्व्हरकडे धाडायचा, हे त्या दारावर बसलेल्या कारकुनाने एका हुकूमनाम्याप्रमाणे ठरवावे, इतकीच ती कल्पना होती. ती इतकी उपयुक्त ठरली की टपालापुरती न राहता ती साऱ्या युनिक्स कुळात पसरली. मात्र तिचे नियम कोणी रीतसर लिहून ठेवले नाहीत. जवळजवळ दोन दशके प्रत्येक विक्रेत्याने आपापल्या समजुतीप्रमाणे ती राबवली, आणि २००१ च्या ऑगस्टमध्ये इंटरनेटच्या मानकांत ३१६४ क्रमांकाचा जो लेख निघाला त्यानेही नवे काही मुक्रर केले नाही. रूढी काय आहे तेवढेच टिपले. खरा करार झाला तो मार्च २००९ मध्ये, ५४२४ क्रमांकाने, आणि तो लिहिला रायनर गेरहार्ड्स या जर्मन अभियंत्याने, ज्यांच्या आरसिसलॉग या प्रोग्रामाचे नाव पुढे पुन्हा येईल.

या जुन्या रूढीतील नोंदीचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. प्रत्येक संदेशाच्या माथ्यावर कोनी कंसात एक अंक असतो, समजा ३४. संदेश कोणत्या खात्याचा आहे त्याचा क्रमांक आठाने गुणून त्यात तीव्रतेचा क्रमांक मिळवला की हा अंक येतो: चार हे ओळख-पडताळणीचे खाते, त्याचे आठपट बत्तीस, अधिक दोन म्हणजे 'गंभीर'. खाती शून्यापासून तेवीसपर्यंत, तीव्रता शून्यापासून सातपर्यंत, आणि तीव्रतेत शून्य म्हणजे हाहाकार तर सात म्हणजे प्रोग्राम लिहिणाराने स्वतःसाठी केलेली बडबड. अंकामागून महिना, तारीख, तास-मिनिट-सेकंद, सर्व्हरचे नाव, प्रोग्रामचे नाव आणि शेवटी मजकूर. सारे आटोपशीर, परंतु त्या तारखेत वर्ष नाही आणि ती वेळ पृथ्वीच्या कोणत्या भागातली, हेही नाही. एका सर्व्हरच्या आठवड्याभराच्या फाईलीत याने काही अडत नव्हते. तीन देशांतल्या सर्व्हरांच्या दोन वर्षांच्या नोंदी एका बस्त्यात बांधायला घेतल्या, की ३१ डिसेंबरच्या रात्रीचा एखादा प्रकार नेमका कोणत्या वर्षी घडला याची शहानिशा फाईलीच्या नावावरून करावी लागते. शिवाय सर्व्हरचे नाव पाठवणाराने स्वतः लिहिलेले असते, आणि पाठवणाराने लिहिलेले नाव ही काही ओळख नव्हे. मध्यवर्ती सर्व्हरने संदेश कोणत्या पत्त्यावरून आणि केव्हा आला हे स्वतःच्या हाताने वेगळे नोंदवलेच पाहिजे, ही पहिली शिस्त; ५४२४ च्या कराराने वर्ष आणि कालक्षेत्र दिले, तरी ती शिस्त सुटत नाही.

आता वाहतुकीकडे वळू. मूळ सिसलॉग यूडीपी पद्धतीने, ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर संदेश सोडून देत असे. पोच नाही, पुनरुक्ती नाही, आणि सोडणारा कोण याची चौकशीही नाही. शांततेच्या काळात हे बिनबोभाट चालते. नेटवर्क तुंबले, डिस्क भरली, हल्ला आला, अशा प्रसंगी मात्र संदेशांचा लोंढा उसळतो आणि त्यातले पुष्कळसे वाटेतच गळतात. म्हणजे नोंदीची गरज ज्या घटकेला सर्वांत जास्त, त्याच घटकेला नोंद सर्वांत अपुरी. यावर टीसीपीचा उपाय फार दिवसांपासून लोक करीत आले, आणि त्यावर विसंबणारांची गेरहार्ड्स यांनी जी समजूत घातली ती या विषयातल्या उत्तम विवेचनांपैकी आहे. टीसीपीची पोच समोरच्या सर्व्हरच्या अंतर्भागातून येते, तिथल्या लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रामकडून नव्हे. शिवाय जोडणी अचानक तुटली तर पाठवणाराच्या बफरमध्ये पडून असलेले संदेश नाहीसे होतात आणि ते गेले हे पाठवणारालाही कळत नाही. म्हणून त्यांनी रेल्प नावाचा वेगळा व्यवहार लिहिला, ज्यात प्रत्येक संदेशाची पोच वाचणारा प्रोग्राम स्वतः देतो. गुप्ततेसाठी टीएलएसची वेष्टने आणि ६५१४ हा पोर्ट २००९ सालीच मुक्रर झाला होता. माझ्या मते आज नव्याने व्यवस्था उभारणाराने सर्व्हरांपुरते यूडीपी सोडून द्यावे, आणि ज्यांना दुसरे काही बोलताच येत नाही अशा राउटर-स्विचांपुरतेच ते ठेवावे.

पण विश्वसनीय वाहतुकीलाही तिची किंमत आहे, आणि ती ज्या तऱ्हेने चुकवावी लागते ती पुस्तकांत ठळकपणे सांगितलेली नसते. समजा मध्यवर्ती सर्व्हर मध्यरात्री बंद पडला. चाळीस सर्व्हरांवरचे आरसिसलॉग आपले संदेश रांगेत धरून वाट पाहू लागतात. ही रांग स्मृतीत असते आणि तिला मर्यादा असते. पाठवणीसाठी वेगळी रांग नेमलेली नसेल तर मुख्य रांगच भरते, आणि ती भरली की स्थानिक प्रोग्रामांचे संदेश घेणे थांबते. लॉगिन देणारा एसएसएच हा प्रोग्राम प्रत्येक लॉगिनची नोंद करतो आणि नोंद घेतली जाईपर्यंत खोळंबतो. परिणाम असा, की दफ्तर बंद पडल्यामुळे चाळीसही सर्व्हरांत शिरता येत नाही. ज्याने दुरुस्ती करायची तो व्यवस्थापकही बाहेरच राहतो, आणि वरून पाहता सारे सर्व्हर एकदम आजारी पडल्यासारखे दिसते. याला औषध आहे. पाठवणीची रांग मुख्य रांगेपासून वेगळी काढावी, स्मृती पुरेनाशी झाल्यावर ती डिस्कवर उतरेल असे करावे, डिस्कवरही तिला जागेची मर्यादा घालावी, आणि मर्यादा जवळ आली की कमी तीव्रतेचे संदेश टाकून द्यावेत असा हुकूम आधीच देऊन ठेवावा. काय टाकायचे हे संकट येण्यापूर्वी ठरवणे म्हणजे काही नोंदी आपण बुडू देणार अशी कबुली देणे होय, आणि ती कबुली द्यायला कोणी व्यवस्थापक सहसा तयार नसतो. म्हणूनच मूळ मांडणी तशीच राहते. व्यवस्था चालू करण्यापूर्वी मध्यवर्ती सर्व्हर मुद्दाम काही तास बंद ठेवून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

एका संस्थेत एकाच जातीचे युनिक्स असते तर पुढचे काम सोपे होते. प्रत्यक्षात लिनक्सच्या शेजारी एखादे जुने सोलारिस आणि एखादे एआयएक्स नांदत असतेच. सोलारिसने 'लॉगहोस्ट' हे टोपणनाव पत्त्यांच्या फाईलीत पहिल्यापासून राखून ठेवले होते, इतकी तिथे ही कल्पना मुरलेली होती. पण तिथल्या जुन्या हुकूमनाम्यात दोन रकान्यांच्या मध्ये टॅबच हवा, साधी मोकळी जागा चालत नाही, आणि डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. एआयएक्सचा सिसलॉग ज्या फाईलीत लिहायचे ती आधी अस्तित्वात नसेल तर ती स्वतः निर्माण करीत नाही, आणि यंत्रसामग्रीच्या तक्रारी तर तो निराळ्याच दफ्तरात ठेवतो, ज्या सिसलॉगकडे वळवण्यासाठी वेगळा जोड द्यावा लागतो. लिनक्सच्या कुळातही रेड हॅटच्या घराण्यात लॉगिनच्या नोंदी 'सिक्युअर' नावाच्या फाईलीत आणि डेबियनच्या घराण्यात 'ऑथ' नावाच्या फाईलीत. त्यातच २०११ च्या अखेरीस लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सिस्टिमडीचा 'जर्नल' पुढे आणला, जो साध्या मजकुराऐवजी द्विमान स्वरूपात नोंदी ठेवतो, आणि त्यावरून जुन्या युनिक्सपंथीयांत मोठा गदारोळ झाला. साध्या मजकुराचा अभिमान मलाही आहे. परंतु संदेश कोणत्या प्रक्रियेकडून आला हे जर्नल स्वतः पडताळून लिहितो, प्रेषकाच्या सांगण्यावर सोडत नाही, हा त्याचा गुण मान्य केलाच पाहिजे. एकाच सेवेने थोड्या वेळात फार संदेश पाठवले तर तो मूळ मांडणीत काही टाकूनही देतो, हेही लक्षात ठेवावे.

घड्याळांविषयी थोडक्यात. दोन सर्व्हरांच्या नोंदी एका क्रमात लावायच्या तर दोघांची वेळ जुळली पाहिजे, आणि त्यासाठी डेव्हिड मिल्स यांनी १९८० च्या दशकात घडवलेली एनटीपी पद्धती हाताशी आहे. वेळ यूटीसीत लिहावी आणि दाखवताना भारतीय वेळेचे साडेपाच तास मिळवावेत. दहा सेकंदांनी मागे असलेले घड्याळ चौकशीत परिणाम आधी आणि कारण मागाहून दाखवते.

साठवणुकीच्या प्रश्नात मात्र पैशाचा संबंध येतो, म्हणून इथे बाजाराचा कोलाहलही सर्वांत मोठा आहे. हिशेब साधा आहे. चाळीस सर्व्हर, प्रत्येकाचे सेकंदाला सरासरी पंचवीस संदेश, प्रत्येक संदेश दोनशे बाइटचा असे धरले, तर दिवसाला सुमारे १७ गिगाबाइट आणि १८० दिवसांत सुमारे ३.१ टेराबाइट मजकूर होतो. दर सर्व्हराला एक निर्देशिका, दर दिवसाला एक फाईल, आणि जुनी फाईल दाबून ठेवलेली, अशी नुसती रोजकीर्द ठेवली तर हा मजकूर पुष्कळच आक्रसतो, कारण लॉगमध्ये पुनरुक्ती फार. तो शोधायला 'ग्रेप'सारखी जुनी अवजारे पुरतात. शोध मात्र फाईलीच्या लांबीइतका वेळ घेतो. याउलट प्रत्येक शब्दाची खतावणी आधीच घालून ठेवली, तर कोणताही शब्द क्षणात सापडतो, पण खतावणीला स्वतःची जागा, स्मृती आणि निगराणी लागते. गेल्या वीस वर्षांतल्या साधनांचा सारा वाद या दोहोंच्या प्रमाणाचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोत २००३ साली निघालेल्या स्प्लंकने खतावणीचा मार्ग व्यापारी यशाला नेला, आणि दिवसाला किती मजकूर घातला त्यावर दाम आकारण्याची त्याची रीत इतकी रुळली की काय नोंदवावे हे पुष्कळ कचेऱ्यांत सुरक्षा विभागाऐवजी लेखा विभाग ठरवू लागला. मार्च २०२४ मध्ये सिस्कोने ती कंपनी सुमारे २८ अब्ज डॉलरना घेतली, यावरून या धंद्याचा आकार ध्यानी यावा. शे बॅनन यांचे इलॅस्टिकसर्च २०१० साली मुक्त स्वरूपात आले, लॉगस्टॅश आणि किबाना त्याला जोडले गेले, आणि दाम न देता स्प्लंकसारखे काही उभारता येते अशी आशा निर्माण झाली. दाम वाचले खरे. पण ते सर्व्हरांच्या स्मृतीत आणि त्यांची निगा राखणाऱ्या माणसाच्या पगारात खर्ची पडले. २०२१ च्या जानेवारीत इलॅस्टिकसर्चच्या कंपनीने परवाना आवळला, ॲमेझॉनने ओपनसर्च नावाने वेगळे बिऱ्हाड केले, आणि २०२४ मध्ये मूळ कंपनीने मुक्त परवान्याचा पर्याय पुन्हा खुला केला. ज्यांनी मधल्या काळात एक घर सोडून दुसरे धरले त्यांचे श्रम कोणी भरून देत नाही. ग्राफाना कंपनीच्या लोकीने २०१८ च्या डिसेंबरात मधला मार्ग सुचवला: मजकुराची खतावणी घालायचीच नाही, फक्त सर्व्हर, सेवा अशा मोजक्या खुणांची घालायची, आणि बाकी शोध दाबलेल्या मजकुरातून घ्यायचा. माझा कल या मार्गाकडे, आणि पन्नासाच्या आतल्या सर्व्हरांसाठी तर त्याहूनही साध्या, नुसत्या फायलींच्या मार्गाकडे आहे. चाळीस सर्व्हरांवर नजर ठेवण्यासाठी सहा सर्व्हरांचा जथा उभारायचा आणि मग त्या सहांवर नजर ठेवायला माणूस नेमायचा, हा प्रकार मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे.

इथवर जे सांगितले ते जमवण्याविषयी झाले. वाचण्याचा प्रश्न याहून जुना आणि याहून हट्टी आहे. स्टीफन हॅन्सन आणि टॉड ॲटकिन्स यांनी १९९३ साली सिस्टिम व्यवस्थापकांच्या लिसा परिषदेत 'स्वॉच' मांडला, तेव्हा त्यामागचे सूत्र असे होते की धोक्याचे शब्द आधी लिहून ठेवावेत आणि ते लॉगमध्ये दिसताच इतल्ला द्यावी. या सूत्राची मर्यादा उघड आहे: जे संकट तुम्हाला माहीत आहे तेवढेच सापडते. १९९७ साली मार्कस रॅनम यांनी नेमके उलटे सूत्र सुचवले आणि त्याला 'कृत्रिम अज्ञान' असे खट्याळ नाव दिले. दिवसभराच्या नोंदींतून वेळा आणि प्रक्रियांचे क्रमांक काढून टाकावेत, उरलेल्या ओळी क्रमाने लावून सारख्या ओळी मोजाव्यात, ज्या ओळी निरुपद्रवी म्हणून ओळखीच्या झाल्या त्या एका यादीत घालाव्यात, आणि यादीत नसलेले जे काही उरेल ते माणसाने वाचावे. लाखो वेळा आलेली ओळ बहुधा कंटाळवाणी असते. वर्षातून एकदाच आलेली ओळ वाचनीय. क्रेग रोलंड यांचे लॉगचेक याच धाटणीचे होते. या आढाव्यातल्या साऱ्या साधनांत मला हीच कल्पना सर्वांत मोलाची वाटते, आणि ती अमलात आणायला युनिक्सच्या जुन्या तीन-चार आज्ञांपलीकडे काही लागत नाही.

अर्थात काही अर्थ एका ओळीत नसतो, ओळींच्या संबंधात असतो. इंटरनेटला उघड्या असलेल्या कोणत्याही सर्व्हरवर एसएसएचच्या फसलेल्या लॉगिनांच्या ओळी रोज हजारोंनी पडतात. त्यांची प्रत्येकी इतल्ला काढणारा व्यवस्थापक चौथ्या दिवशी इतल्ला बघायचेच सोडतो. पण एकाच पत्त्यावरून फसलेल्या शंभर ओळींनंतर त्याच पत्त्यावरून यशस्वी लॉगिनची एक ओळ आली, तर ती एकटी ओळ झोपेतून उठवण्याच्या लायकीची असते. असा संबंध जोडण्यासाठी एस्टोनियातल्या रिस्टो वारांडी यांनी 'एसईसी' हे छोटे साधन लिहिले, आणि पुढच्या मोठ्या साधनांनी तेच काम भरजरी वेशात मांडले. जुन्या सिसलॉगची एक सवय मात्र या मोजणीत विघ्न आणते: एकच संदेश पुनःपुन्हा आला तर तो मागचा संदेश अमुक वेळा पुन्हा आला एवढीच ओळ लिहितो. एका सर्व्हरच्या फाईलीत हे शहाणपणाचे होते. चाळीस सर्व्हरांच्या एकत्र प्रवाहात मोजणाराला शंभराच्या जागी दोनच ओळी दिसतात, आणि मागचा संदेश कोणाचा हेही मग सांगता येत नाही. ही काटकसर मध्यवर्ती व्यवस्थेत बंद ठेवावी.

आणि जी ओळ आलीच नाही, तिचे काय? घुसखोर शहाणा असेल तर तो आल्याबरोबर लॉगची पाठवणी थांबवतो. हुकूमनाम्यातली चुकीची दुरुस्ती किंवा भरलेली डिस्कही तेच करते. मध्यवर्ती पडद्यावर त्या सर्व्हरची एकही तक्रार दिसत नाही आणि पाहणारा समाधान पावतो. जुन्या सिसलॉगमध्ये यावर एक साधी तजवीज होती: दर वीस मिनिटांनी तो काही घडले नसले तरी 'मार्क' अशी एक ओळ लिहीत असे. गर्दी नको म्हणून नव्या मांडण्यांत ही ओळ बहुधा बंदच असते. तिचे पुनरुज्जीवन करावे, प्रत्येक सर्व्हरची हजेरी घ्यावी, आणि तासाभरात ज्याची एकही ओळ आली नाही त्याची गैरहजेरी ही स्वतंत्र इतल्ला मानावी. हजेरीचा हा नियम लिहायला अर्धी दुपार लागते; मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी तो नव्हता.

मध्यवर्ती दफ्तर हे मग स्वतःच चोरीचे लक्ष्य होते, हे वेगळे सांगायला नको. घाईत असलेला माणूस नावाच्या रकान्यात पासवर्ड टाइप करतो, आणि अज्ञात खातेदाराचे लॉगिन फसले म्हणून ते 'नाव' इमानेइतबारे लॉगमध्ये लिहिले जाते. पुढच्याच ओळीत त्याचे खरे नाव यशस्वी म्हणून येते. दोन्ही ओळी एकत्र वाचणाराला दुसरे काही शोधावे लागत नाही. मोठ्या प्रमाणावर याच जातीचा प्रमाद २०१८ च्या मे महिन्यात ट्विटरने जाहीर केला: पासवर्ड सांकेतिक करण्यापूर्वीच ते एका अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते, आणि म्हणून तेहतीस कोटी सभासदांना पासवर्ड बदलण्याची विनंती करावी लागली. डिसेंबर २०२१ मधले लॉगफोरजे या जावा साधनाचे प्रकरण तर याहून विलक्षण. संदेशात विशिष्ट चिन्हांनी लिहिलेला एक पत्ता असला, की नोंद करणारे साधनच त्या पत्त्यावर जाऊन तिथला प्रोग्राम आणून चालवत असे. बाहेरच्याने लॉगिनच्या रकान्यात किंवा ब्राउझरच्या नावात तो मजकूर लिहिला, आणि तो केवळ नोंदवला गेल्याने सर्व्हर त्याच्या ताब्यात गेला. कित्येकदा नोंद जिथे झाली तो सर्व्हर सुरक्षित राहून, ती नोंद पुढे जिथे हाताळली गेली तो बळी पडला. मध्यवर्ती सर्व्हरवर दुसरी कोणतीही सेवा नसावी, त्याचे सर्वाधिकारी आणि बाकी सर्व्हरांचे सर्वाधिकारी वेगळे असावेत, आणि जुन्या फायली रोजच्या रोज अशा जागी जाव्यात जिथे लिहिता येते पण पुसता येत नाही, हे नियम अशा अनुभवांतून आले आहेत. छोट्या संस्थेत दोन वेगळे सर्वाधिकारी ठेवणे परवडत नाही, ही अडचण खरी आहे, आणि तिच्यावर साधनांत उत्तर नाही.

भारतात हा विषय आता ऐच्छिकही राहिलेला नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या सर्व संगणकप्रणालींचे लॉग चालू ठेवून ते १८० दिवस देशाच्या अधिकारकक्षेत जपावेत, ठरावीक प्रकारच्या घटनांची वर्दी कळल्यापासून सहा तासांत द्यावी, आणि घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा त्या वेळेशी पडताळलेल्या सर्व्हरांशी, जुळवून ठेवावीत. लहान उद्योगांना त्याच वर्षीच्या २५ सप्टेंबरपर्यंत मुदत मिळाली. नवी मुंबईच्या डेटा सेंटरांत सर्व्हर ठेवणाऱ्या सहकारी बँकांपासून पुण्याच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांपर्यंत अनेकांनी मध्यवर्ती लॉगचा सर्व्हर घेतला तो या निर्देशांनंतर. आणि त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी १८० दिवसांचा मजकूर रीतसर साठतो, तपासनीस आला की त्याला दाखवला जातो, आणि एरवी तो कोणी उघडत नाही. निर्देश जपण्याची सक्ती करतात. वाचण्याची सक्ती कोणताही निर्देश करू शकत नाही. सहा तासांची वर्दी मात्र वाचणाराशिवाय देता येणार नाही, ही त्यातली मेख आहे.

तेव्हा चाळीस सर्व्हरांच्या संस्थेने कोठून आरंभ करावा? माझे मत असे, की प्रथम घड्याळे, मग एक वेगळा, दुसरे काही न करणारा सर्व्हर, मग टीएलएसवरून आणि डिस्कवर उतरणाऱ्या रांगेसह पाठवणी, मग दर सर्व्हराला दर दिवशी एक फाईल, मग हजेरी, आणि मग रॅनम यांच्या रीतीची यादी, जी एका ठरलेल्या, नावानिशी नेमलेल्या माणसाने रोज सकाळी अर्धा तास वाचावी. खतावणीची मोठी साधने यानंतरच, आणि तीही ग्रेपला खरोखर वेळ पुरत नाही असे प्रत्यक्ष दिसल्यावर. पहिल्या आठवड्यात या यादीत घुसखोर बहुधा सापडत नाही. सापडतात ते कित्येक महिने रोज रात्री फसत असलेले बॅकअप, जुन्या पत्त्यावर अजून टपाल धाडणारे क्रॉनचे, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारे, काम, आणि मरणोन्मुख डिस्कची कोणी न ऐकलेली तक्रार. महिन्याभरात यादी एका पानावर येते. पुढे एखाद्या सर्व्हरवर युनिक्सची नवी आवृत्ती चढते, साऱ्या ओळींचे शब्द बदलतात, आणि ती पुन्हा चार पानांची होते.